आबांची दुसरी दाढी

आबांची, म्हणजे वडिलांची, गाडी विकायचं मीच ठरवलं होतं, हे आधीच कबूल करते. अठरा वर्षांची पांढरी गाडी. अंगण अडवून बसलेली. आबा बाथरूममध्ये पडले, उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हापासून तर तिला विचारणारंच कुणी नव्हतं. मोडनिंबचा एक जण सुट्या भागांसाठी जुन्या गाड्या घ्यायचा, तो रविवारी दुपारी येतो म्हणाला. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरी, रविवारी सकाळी एकदा चालू करून बघ. झाली तर ऱ्हाऊ दे. न्हाय झाली तर देऊन टाक, मी कायबी बोलणार न्हाय."

माझ्यापेक्षा या माणसाचा जीव गाडीवरच जास्त, असं मला लहानपणापासून वाटायचं, आणि खरं सांगू? त्याचा राग अजून यायचा.

रविवारी किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायरी जोडून बघितल्या, तरी टक्.

"मेली एकदाची!" मी ओरडले.

आबा प्लॅस्टरचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून अंगणात स्टुलावर बसले होते. "सकाळ सकाळ शिव्या देऊ नको तिला," एवढंच म्हणाले.

मग विजापूर वेशीतल्या वायरमन चाचांना फोन लावला. आमच्या गाडीची नस न् नस त्यांना ठाऊक.

"पैले हॉर्न मारो बेटी."

मारला. सर्दी झाल्यासारखा वाजला.

"अब लाइट लगाको सेल्फ मारो."

किल्ली फिरवली तसे दिवे विझले.

"ब्याटरी नई गई. जोड में करंट अटक रा. टर्मिनल खोलो, मायनस पैले. गरम पानी में खाने का सोडा डालको धोव." मग हसले. "अब्बा कू पूछो की. उनो हर महिने धोते."

दर महिन्याला? मी तणतणत सोडा आणायला उठले, तर आबा म्हणाले, "डिकीत हाय." खरंच होता. सोड्याची डबी, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, व्हॅसलीन, सगळं एका पिशवीत. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा-निळा भुगा साचला होता. घरातून गरम पाणी आणलं, पाना लावला. आबा मागून काहीतरी पुटपुटायला लागले.

"तुम्ही गप बसा हो!" म्हटलं आणि सोड्याचं पाणी ओतलं.

फसफसून फेस आला, आणि त्यातून लाल ओघळ निघाले. आधी वाटलं, माझंच बोट कापलं. मग वास घेतला. हळद! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. पण बॅटरीवर हळद? बाजूला काहीतरी चिकटही वाळलेलं होतं.

"आबा, हे काय?"

आबांनी आधी स्वयंपाकघराकडं कान दिला. आत आईचा भाकरी थापायचा आवाज चालू होता. मग हळू आवाजात म्हणाले, "माढ्याहून येताना मला ट्रकनं घासलं व्हतं, आठवतं? तवापासनं तुझी आई दर अमावास्येला गाडी पूजती."

"ते माहितीय की मला."

"तू झोपलेली असती. ती बॉनेट उघडायला लावती. गाडीचा समदा जीव ह्या डब्यात असतो, असं मीच कधीतरी बोलून बसलो व्हतो. झालं! पत्र्याला टिळा लावून काय उपेग, म्हणली. तवापासनं हळद-कुंकू डब्याला आन् नारळाचं पाणीबी डब्यावरच."

"अहो, मग सांगायचं ना तिला!"

"काय सांगू? तू माझ्या जिवासाठी करती, त्यानंच गाडी बिघडती म्हणू?"

मग मला आठवलं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आबा दोनदा दाढी करायचे. एकदा घरात. मग परत दाढीला म्हणून तांब्याभर गरम पाणी मागून अंगणात जायचे. "नवरदेव, कुणीकडं निघाला?" म्हणून आई चेष्टा करायची, आम्ही पोरं खिदळायचो. एवढी वर्षं हा माणूस गुपचूप बॅटरी धूत होता. आता हात प्लॅस्टरमध्ये म्हणून दोन अमावास्या धुवायच्या राहिल्या. आणि मी खुळी, गाडीवर जळत बसले होते! मला इतकं भरून आलं की पाना दिसेना.

टोकं घासली, आवळली, व्हॅसलीन लावलं. किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आबांनी डाव्या हातानं डोळे पुसले. मी मोडनिंबला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालतं गं?"

माझी जीभ किती तिखट आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक. आबा माझ्याकडं बघत होते.

"वायर ढिली झाली होती," मी म्हटलं.

"बघ! परवाच्या अमावास्येला नारळ फोडला म्हणून एवढ्यावर निभावलं." असं म्हणून ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, आणि मी बॉनेट लावायच्या आत लख्ख घासलेल्या बॅटरीवर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली. वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. डोळे मिटून हात जोडले.

आबांनी गालावरून हात फिरवला.

मी आत जाऊन गॅसवर पाणी ठेवलं.

"आता कशाला गं गरम पाणी?" मागून आई आली.

"आबांची दाढी."

"सकाळीच तर तू करून दिलीस की!"

"दुसरी राहिलीय," मी म्हटलं.