कण्हेरीची तीन फुलं

परातीत पिठाचा गोळा तसाच होता, तव्यावरची भाकरी एकाच अंगाने भाजली होती आणि तेवढ्यात विरुपाक्ष दाक्षायणीच्या स्वयंपाकघरात शिरला.

"अगं, कण्हेरीची तीन फुलं दे. आज नेता ठरायचाय."

चौदा वर्षं विरुपाक्ष जनमंगल पक्षाचा वॉर्ड चिटणीस होता. पत्रकं वाटणं, सतरंज्या अंथरणं, सभा झाली की त्या झटकणं, एवढी सगळी देशसेवा तो एकटाच करी. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या पक्षाने पेठेला भाषणं काही कमी पडू दिली नव्हती. तरी लोक मतं दुसरीकडेच टाकत. आता जिल्ह्याचं पत्र आलं होतं : आज तीनच्या आत उमेदवाराचा अर्ज भरा, नाहीतर शाखा बंद करून पाटी उतरवा. पाटी विरुपाक्षाच्याच दारावर होती. दर सोमवारी देवांच्या आधी तिला ओला फडका लागे.

बाहेर सोप्यात तीन नेते बसले होते. महिपती एकदा कोठडीत जाऊन आला होता, बिनदिव्याची सायकल चालवली म्हणून. भाषणात तो सायकल गाळून नुसती कोठडी सांगे. सिद्धप्पा आणि मानसिंग यांना तर दुसऱ्याचं ऐकायची सवयच नव्हती.

"मला पदाचा मोह न्हाय की," असं तिघंही म्हणत, पण उठत कुणीच नव्हतं. म्हणून कौल लावायचं ठरलं. पिंडीला पाण्याने तीन फुलं चिकटवायची, ज्याचं आधी पडेल तो उमेदवार.

"अहो, आणि तुमचं फूल?" दाक्षायणीने विचारलं.

"कार्यकर्त्याचं फूल नसतं," विरुपाक्ष म्हणाला.

फुलं लावून झाली. मग एकेक जण "जरा दर्शन घेतो" म्हणत देव्हाऱ्याशी जाऊन आला. इतकी भक्ती बघून दाक्षायणीला भरून आलं.

दोन वाजले, फूल हलेना. अडीचला विरुपाक्ष घामाघूम होऊन पिंडीपुढे बसला. "देवा, कुणाचंही पाड. अगदी महिपतीचंसुद्धा."

"अगदी म्हंजे रं काय?" सोप्यातून आवाज आला.

तीन वाजले. मग तिघांनी ‘पक्षाला स्फूर्तिदायक नेतृत्वाची नितांत गरज आहे’ हा गेल्या वर्षीचाच ठराव तारीख बदलून एकमताने मंजूर केला आणि भाकरी मागितली. शेंगाचटणी पानात पडायच्या आधीच सिद्धप्पा अंगठा चाटत होता.

"अक्का, लई गोड हात तुमचा!"

दाक्षायणी उठून देव्हाऱ्याशी गेली. पंचामृतासाठी ठेवलेली मधाची वाटी लख्ख रिकामी. प्रत्येकाने उरलेल्या दोघांची फुलं मधाने घट्ट बसवली होती. पक्षाने एकजुटीने केलेलं हे पहिलंच काम.

तिने पिंडीवर कोमट पाणी घातलं. तिन्ही फुलं एकदम ताम्हनात आली.

"घ्या, पडली," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तिघंही नेते."

विरुपाक्षाने फुलांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्याने टोपी घातली आणि पाटी उतरवायला शेजारच्या शिवप्पाकडून शिडी आणायला तो निघाला.