दवाखान्यातलं जावळ

माझा भाचा जन्मला तोच लांबट डोकं घेऊन. आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे, त्यामुळे त्याला बघताक्षणी माझ्या तोंडून गेलं, "ह्यो तर सोनाका हाय." सोनाका म्हणजे लांबोडकं द्राक्ष. सगळे हसले आणि तेच नाव पडलं. काळजी कुणालाच नव्हती, कारण आमच्याकडे बाळाचं डोकं घडवायची रीतच आहे. टाळूवर तेल जिरवायचं, तळहातांनी डोकं चहूबाजूंनी दाबायचं आणि मोहरीच्या उशीवर निजवायचं. माझ्यावरही हे सगळं झालंय. डोकं गोल झालं, केस तेवढे टिकले नाहीत.

बहिणीचं सासर आटपाडीकडचं. दाजी सैन्यात, लांब सीमेवर. घरात तिच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो. या बाईंनी जिद्दीनं नातवाचं डोकं दाबलं. पाच महिने तेल जिरलं, पण ते रुंद व्हायचं नाव घेईना, उलट पुढंमागं वाढत चाललं. टोपडं लांबीला पुरत नव्हतं आणि कानांपाशी ढगळ होत होतं.

शेवटी आम्ही त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्यावरून बोटं फिरवली, फोटो काढले आणि समजावून सांगितलं. बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, त्यांच्यामधले सांधे मेंदूला वाढायला जागा देतात. याचा माथ्यावरचा सांधा वेळेआधीच बंद झाला होता. म्हणून डोकं रुंद न होता लांबत होतं.

"दाबून, चोळून ते उघडत नाही," डॉक्टर म्हणाले. मावशींनी हात हळूच पदराखाली घेतले.

ऑपरेशन करून जागा करावी लागणार होती आणि तेही लवकर, नाहीतर मेंदूवर दाब यायची भीती. पुढच्याच आठवड्यातली तारीख मिळाली. निघताना डॉक्टर सहज म्हणाले, "डोकं आम्ही इथंच भादरून घेऊ."

झालं. घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "बिरोबाच्या आधी पोराच्या डोस्क्याला वस्तरा लागायचा न्हाई."

पहिलं जावळ देवाच्या दारात आणि मामाच्या मांडीवर, हा त्यांचा नवस होता. दाजींची सुट्टी उन्हाळ्यात, तेव्हा बकरं कापून भावकीला जेवण द्यायचं ठरलेलं. त्या जेवणावर माझाही डोळा होता, खोटं कशाला बोलू. पण आता माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "आवं मावशी, देव मोठा का पोरगं?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या आणि परसात निघून गेल्या.

मी बहिणीला म्हणालो, "तू सही कर, बघू कोण अडवतंय."

ती म्हणाली, "करीन की. पण त्यांचं मन मोडून न्हेलं आन् पोराला काय झालं, तर दादा, त्या जन्मभर सोताला खातील. आन् मी बी." रागावणं मला चांगलं जमतं, पुढचं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी तांदूळ निवडता निवडता आपणहून म्हणाल्या, "माझ्या मालकाचं जावळ कुठं झालं, ठावं हाय? कोकणात. मेंढरं घिऊन समदी तिकडं उतरली हुती. वाटंतच मामानं मांडीवर घेतलं. देव काय मागं घरी बसला न्हवता, कळपासंगंच हुता."

"मग?" मी भीत भीत विचारलं.

"मग काय? सांगलीला यायला त्येला काय एसटी लागतीया?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्या बिरोबाच्या नावानं अंथरायला काळं घोंगडं घेऊन हजर. वॉर्डात घोंगडं चालणार नाही म्हणून सिस्टर अडून बसल्या, तेव्हा ते बाहेरच्या व्हरांड्यात अंथरलं. मी मांडी घातली. दवाखान्याचा न्हावी आधी गोंधळला, मग चपला काढून बसला. भाचा माझी मिशी ओढत होता आणि मावशी पदरात केस झेलत होत्या. डॉक्टरांनी बाळाच्या डोक्याला काहीही लावायचं नाही असं बजावलं होतं. मावशींनी क्षणभर विचार केला आणि भंडाऱ्याची मूठ माझ्या टकलावर ओतली. "तुझ्यावर चालतंय," त्या म्हणाल्या. सिस्टरसुद्धा हसल्या.

मग बाळाला आत नेलं आणि आमचं हसू आटलं. बहीण भिंतीला टेकून उभी राहिली ती हललीच नाही. मावशी जावळाचं गाठोडं छातीशी धरून बसल्या.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. बहीण धावतच आत गेली. मावशींनी मला दाजींना फोन लावायला सांगितला आणि तो कानाला धरला.

"जावळ झालं रं तुझ्या पोराचं," त्या म्हणाल्या. "पोरगं बी चांगलं हाय."

पलीकडचं ऐकत त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग मावशी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "रड बाबा. मी फोन ठिवत न्हाई."