खडकीचे बुडबुडेवाले

ठोकळा उजेडाकडे धरायचा, डावा डोळा मिटायचा, श्वास रोखायचा. आणि मग डॉक्टरनं वाईट बातमी द्यावी तशा आवाजात म्हणायचं, "आहे. एक आहे."

एक म्हणजे बुडबुडा. मोहरीएवढासुद्धा नाही. मला तर चष्मा लावूनही दिसायचा नाही. पण बुडबुडेवाल्यांना दिसला की ठोकळ्यावर खडूनं फुली.

मी कसब्यातला कातारी. लाकूड लेथवर फिरवून लाटणी, रव्या, भोवरे काढतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण लाकडातलं मला कुणी शिकवू नये. तुमच्याही ओळखीत असा एखादा हट्टी म्हातारा असेल. नसला तर आरशात बघा.

हे बुडबुडेवाले खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. घरी रेझिनचे रंगीत ठोकळे ओतायचे आणि कातायला माझ्याकडे आणायचे. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतले दोन चिकट द्रव. मिसळले की काचेसारखे घट्ट होतात. मी त्याला तोंडावर प्लास्टिक म्हणायचो. ते चिडायचे नाहीत, याचाच मला राग यायचा.

एकदा ते दुकानातच ओतायला बसले. बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, मग काडीनं इतकं सावकाश ढवळायला लागले की मला झोप आली. मी म्हटलं, "आणा इकडे, दोन मिनिटांत करतो."

"नको. तुम्ही ताक कराल."

"म्हणजे?"

"घुसळलं की हवा शिरते. तुमच्या रव्या जरा लांब ठेवा, मिस्तरी."

मग उंचावरून सुतासारखी बारीक धार सोडली. मी विचारलं, एका बुडबुड्यानं काय आभाळ कोसळतं? ते काडी पुसत म्हणाले, "आम्ही गोळ्यात दारू ओतायचो. वितळवून. आत एक पोकळी राहिली तर गोळा तोफेतच फुटायचा. तीस वर्षं ओतली. आता डोळ्याला सवय झालीय, काय करू?"

त्या दिवसापासून मी प्लास्टिक म्हणायचं सोडलं. म्हणजे, त्यांच्यासमोर.

एकदा ते कापडात गुंडाळून कडुनिंबाचा ओंडका घेऊन आले. त्यांची बायको महिन्यात दोनदा न्हाणीघरात घसरली होती. घरात भिंत धरून चालायची, घराबाहेर पडणं बंद. काठी म्हटलं की, "मी काय म्हातारी आहे?" हा कडुनिंब त्यांच्या जुन्या क्वार्टरसमोरचा. तिनंच लावलेला, वाऱ्यात पडलेला. त्याची मूठ केली तर ती हातात धरील, असा त्यांचा हिशेब. ओंडका निम्मा किडलेला. चांगल्या भागात जेमतेम दोन मुठी निघतील. किडीची भोकं पिकल्या लिंबोळीच्या रंगाच्या रेझिननं भरायची.

"आधी वाळवायचं," ते म्हणाले. "रोज वजन करायचं. उतरायचं थांबलं की मग ओतायचं."

"लाकूड आहे का तान्हं बाळ, रोज वजन करायला?" मी बोटानं ठोकून पाहिलं. खणखणीत वाजलं. "वाळलंय. मी सांगतो ना."

"आठ दिवस थांबूया, मिस्तरी."

"माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा कातारी बघा."

त्यांनी काडी उचलली. ओतलं. दुसऱ्या दिवशी साच्यातून ठोकळा काढला, तर लाकडातल्या ओलीनं आणि हवेनं सगळं रेझिन साबणाच्या फेसासारखं केलेलं. उजेडाकडे धरायचीही गरज नव्हती. मी लेथ पुसत बसलो. त्यांनी उरलेला अर्धा ओंडका कापडात गुंडाळला आणि म्हणाले, "आता हा एकच आहे."

मला वाटलं, गेला माणूस. पण ते आठवड्यानं वहीसकट हजर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करत होते. मी वहीकडे बघत म्हटलं, "अजून उतरतंय." तेवढीच माझी माफी.

तीन आठवड्यांनी आकडा थांबला. ओतून त्यांनी साचा रंग फवारायच्या जाड लोखंडी टाकीत ठेवला, झाकण आवळलं आणि आम्ही दोघं म्हातारे ती टाकी धरून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. हवा आत दाबून भरली की उरलेसुरले बुडबुडे दिसेनासे होतात, असं ते म्हणाले. पंक्चरवाल्यानं विचारलं, "काका, काय शिजतंय?"

"बायकोचा राग," ते म्हणाले. "शिट्टी होऊ देऊ नका."

मूठ मी कातली. पटाशी धरताना हात इतका जपून मी लग्नाच्या पोळपाटालाही चालवला नव्हता. ते शेजारी उभे. झाल्यावर त्यांनी मूठ बराच वेळ उलटसुलट केली आणि म्हणाले, "नाही. एकही नाही." मग काठीला बसवून घेऊन गेले. त्यानंतर कित्येक महिने आलेच नाहीत. मी मनात म्हटलं, बायकोनं काठी फेकली असणार, तोंड कसं दाखवतील?

परवा सकाळी एक बाई दुकानाची पायरी चढून आल्या. हातात ती काठी. मूठ तळहातानं घासून गुळगुळीत झालेली, आणि खालचं रबर झिजून लाकूड बाहेर आलेलं.

"ते गेले," त्या म्हणाल्या. "महिना झाला. झोपेतच. रबर इथंच बसवून मिळेल म्हणाले होते."

मी नवं रबर शोधत राहिलो. त्याच म्हणाल्या, "पहिली मूठ त्यांच्या हातून बिघडली होती म्हणे. घाई केली म्हणाले."

आता मी आयुष्यात कुणापुढे चूक कबूल केलेली नाही. घरी विचारा. पण म्हटलं, "नाही हो वहिनी. घाई माझी होती. ते थांबा म्हणत होते."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्यांचा चहा निवेपर्यंत थांबलेय मी. ते कसली घाई करतायत?"

मग काठी पुढे केली. "रबर घट्ट बसवा. मला इथून मंडईत जायचंय, चालत."