बुंध्याशी ठेवलेलं पील

आम्ही प्रयोगशाळेत केळीच्या खोडापासून इंधन बनवणारे जिवाणू घडवतो. ती खोडं चोपड्याकडचे एक आबा टेम्पोतून आणायचे. प्रत्येक खोड उतरवलं की त्यावरून हात फिरवायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

प्रयोग संपला त्या दिवशी जिवाणूंची भांडी मी वाफेच्या यंत्रात ठेवत होते. आबा दारातून बघत होते.

"काम व्हयनं का मारी टाकतस?"

"हो आबा. बाहेर सुटायला नकोत."

"घड उतरना का आमीबी केळ कापतस. पन बुडजवळ एक पील ठेवतस, नवा कोंब. तुमी ठेवं का?"

नमुना राखून ठेवायचा मी साफ विसरले होते. एक भांडं बाहेर काढलं.

त्यातला थेंब अजून फ्रीजरमध्ये जिवंत आहे. कुपीवर नावाच्या जागी मी 'पील' लिहिलंय.