चालत आलात म्हणजे बरे आहात

१४ मार्च १९९१ रोजी तिने बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा फी भरली, १६२ रुपये ५० पैसे. पंधरवड्यातच कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, पोटात पाण्याचा घोट ठरेना. परीक्षा पुढे ढकलून मिळावी असा अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन धाकटा भाऊ विद्यापीठात गेला. तिथल्या परीक्षा विभागाच्या साहेबाला मुलं ‘शिक्का’ म्हणत. समोर येईल त्या अर्जावर तो ‘नामंजूर’ उठवायचा.

“पेशंट कुठाय?” शिक्क्याने विचारलं. “स्वतः यायला सांग.”

दुसऱ्या दिवशी भावाने रिक्षाचे अकरा रुपये भरले, “उसने हं, ताई,” म्हणाला आणि तिला दंडाला धरून जिना चढवला. शिक्क्याने चष्म्यावरून पाहिलं.

“चालत आलीस ना? मग बरी आहेस की! जा, दे पेपर.”

तिने दिले. अकाउंट्सच्या पेपरला ती उत्तरपत्रिकेवरच ओकली. नापास झाली. वडील अंथरुणाला खिळले, पुन्हा परीक्षेला बसणं राहून गेलं. बारावीच्या जोरावर बँकेत चिकटली. मागून आलेल्या पदवीवाल्या एकेक करून केबिनमध्ये गेल्या, ही काउंटरवरच. शिक्क्याचं वाक्य मात्र तिने गंजू दिलं नाही. भांडी घासताना ती ते पुटपुटायची.

तीसेक वर्षांनी पेन्शनच्या खिडकीतून एका गृहस्थाने अर्ज आत सरकवला. वडील आजारी, हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी बँकेने घरी माणूस पाठवावा. अर्जाखालची वडिलांची सही तिने पाहताक्षणी ओळखली; तिच्या नामंजूर अर्जावर हीच होती.

“पेशंट कुठायत? स्वतः यायला सांगा.”

असा नियम बँकेत नव्हता.

“अहो मॅडम, दोन जिने आहेत. लिफ्टही नाही तुमच्याकडे.”

“कठडा आहे.”

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. वरच्या पायरीवर बसकण मारली. त्याची धाप तिने खुर्चीत बसून मन भरेपर्यंत ऐकली. मुलाने त्याला खिडकीशी आणून उभं केल्यावर ती म्हणाली, “चालत आलात ना? मग बरे आहात की! आजचा दाखला घ्या. घरी माणूस पाठवायचा अर्ज नामंजूर.”

आता तो दचकेल, तिच्याकडे निरखून बघेल, म्हणून ती थांबली. म्हातारा खुलला.

“बघ,” तो मुलाला म्हणाला, “काम असं करावं. मीही हेच केलं असतं.” मग तिच्याकडे वळून, “आपण बी.कॉम. असाल?”

“नाही. शेवटच्या वर्षी कावीळ झाली.”

“अरेरे! मग परीक्षा पुढे ढकलायचा अर्ज करायचा की. आमच्याकडे सोय होती तशी.”

तिने शिक्का उचलला आणि असा हाणला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

“पुढच्या नोव्हेंबरात या,” ती म्हणाली. “स्वतः.”

संध्याकाळी तिने भावाला फोन करून सगळं सांगितलं.

“ओळखलं का गं त्याने?”

“नाही. येऊ दे, दरवर्षी चढू दे.”

“आणि माझे रिक्षाचे पैसे?”

ते अकरा रुपये तिने अजून दिलेले नाहीत.