वर्षाचा नापास अल्बम

पनवेलमध्ये एक माणूस असा आहे, की त्याने मान डोलावल्याशिवाय जगातला कुठलाही अल्बम चांगला ठरत नाही. जगाला हे अजून ठाऊक नाही, एवढीच काय ती अडचण. हा माणूस आमच्या समोरच्या दारात राहतो आणि आम्ही त्याला काका म्हणतो. काकांचं उभं आयुष्य तळोज्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत रसायनांचे नमुने तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतर नमुने बदलले, तपासणी तीच राहिली. वर्षभरात हाती लागतील ते अल्बम ते खुर्चीत ताठ बसून, क्रम न मोडता, तीन-तीनदा ऐकतात. खारघरला कॉलेजात जाणारी माझी मुलगी एखादं गाणं अर्ध्यावर सोडून पुढचं लावते, तेव्हा काका तोंड फिरवून बसतात. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत सगळं बंद. "शब्बाथला कानांनाही सुट्टी," असं म्हणतात खरे, पण ती सुट्टी त्यांना किती जड जाते हे शनिवारी संध्याकाळच्या त्यांच्या घाईवरून कळतं.

आपल्या कानांचा त्यांना भारी अभिमान. एकदा मी जिना चढत होतो, तर बंद दाराआडून आवाज आला, "उजव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय. शिवून घ्या." मी हसण्यावारी नेलं. अंगठा त्याच संध्याकाळी भर बाजारात तुटला आणि मी एक पाय फरफटत घरी आलो.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये यादीचं वाचन होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर दहा आवडते, दहा नावडते, आणि शेरे थेट प्रयोगशाळेतले: "नमुना स्वच्छ. पाचव्या गाण्यात किंचित गाळ." किंवा "व्हायोलिन प्रमाणाबाहेर. नापास." श्रोते आम्ही घरातले तिघं. बायको चहा टाकायला उठली तर ती परत येईपर्यंत वाचन थांबतं. एकदा मी एका नापास अल्बमची बाजू घेऊन पाहिली. काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही सज्जन आहात. पण तपासणीत त्याचा उपयोग नाही."

हे वेड मूळचं दोघांचं. काका, त्यांची धाकटी बहीण आणि दोघांत मिळून एक टेपरेकॉर्डर. वर्षअखेरीला ती आवडत्यांची यादी करायची, हे नावडत्यांची, आणि मग दोघं कडाकडा भांडायचे. पुढे ती लग्न होऊन इस्राएलला गेली. मावशा गेल्या, चुलत भाऊ गेले, एकेक करत सगळं गोत तिकडे गेलं. तुम्ही का राहिलात, असं मी एकदा विचारलं होतं. "सगळेच गेलो तर तिला माहेर कुठलं?" एवढंच म्हणाले. यादी मात्र दर वर्षी तिला जाते, पूर्वी पत्रातून, आता मोबाइलवर फोटो काढून. तासाभरात तिचा फोन येतो. एरवी तब्येतीपलीकडे न बोलणारी ही भावंडं त्या दिवशी दीड तास भांडतात, आणि त्यावर काकांचा पुढचा महिना सुखात जातो.

गेल्या डिसेंबरात नापासांत पहिला नंबर लागला तो खुद्द बहिणीने पाठवलेल्या अल्बमचा. सोबत "हेही ऐक" एवढेच दोन शब्द होते. काकांचा शेरा असा: "मुलीचा आवाज बरा. मराठी शब्द कुणीतरी घास भरवल्यासारखे भरवलेत. शेवटच्या गाण्यात मागे एक म्हातारी टाळ्या चुकवते. तिला खोलीबाहेर का बसवलं नाही? नमुना संपूर्ण नापास." आम्ही पोट धरून हसलो. फोटो गेला.

फोन आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. काकांनी केला तर तिकडून कुणी उचलेना. काका शब्बाथलाही मोबाइल खिशात ठेवू लागले. एकदा मी जिना चढत होतो, तर आतून "कोण?" असा प्रश्न आला. माझी पावलं त्यांनी ओळखली नाहीत हे मला फार लागलं.

दोन आठवड्यांनी फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. काकांनी स्पीकर लावला.

"दादा, ती गाणारी माझी नात," बहीण म्हणाली. "शब्द मीच भरवलेत. आणि टाळ्या चुकवणारी म्हातारीपण मीच."

काकांनी यादीचं पान पुढे ओढलं.

"लहानपणी माझी टाळी ठेक्याच्या मागून आली की तू टेप बंद करायचास. मला वाटलं होतं, ओळखशील."

मग काका म्हणाले, "तुझे हात म्हातारे झालेत गं. टाळीचा आवाज बदललाय."

तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मग आता यादीतला नंबर बदलशील?"

"नाही. तपासणी ती तपासणी."

ती हसली, आणि लगेच भांडायला लागली. मी हळूच दार ओढून घेतलं.

यादी आजतागायत बदललेली नाही. पण शब्बाथ सोडून रोज संध्याकाळी समोरच्या घरात त्या नापास अल्बमातलं शेवटचं गाणं लागतं. तेवढं एकच, बाकीचा क्रम मोडून. परवा दार किलकिलं होतं म्हणून मी आत डोकावलो. काका खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांची टाळी बरोबर ठेक्यावर पडत होती, आणि प्रत्येक टाळीनंतर, बहिणीची टाळी मागून येईपर्यंत, ते हात मिटून थांबत होते.