तोफ गप्प बसायला शिकली

भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या गड्याला सगळे 'तोफ' म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. उलट्या क्रेटवर चढून त्याने एकदा तोंड उघडलं, की समोरच्या व्यापाऱ्याने नुसती भुवई हलवायची. पुढचा भाव हाच पुकारून मोकळा! समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं.

आणि देवाची गंमत बघा, याच माणसाच्या घरी पिटू जन्माला आली. पाच वर्षांची, डोळ्यांत नुसती मस्ती, पण बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवरच अडून बसायचं. "ब-ब-बाबा, मला प-प-प..." एवढं झालं की तोफ धडाडलीच. "पाणी? पेन्सिल? पपई?" कळवळ्यानेच हो, दुष्टपणा नव्हता त्यात! पण घरात असा लिलाव सुरू झाला, की पोरगी कंटाळून कुठल्याही बोलीला मान डोलवायची. बिचारीने आठवडाभर पपई खाल्ली.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, तिला पतंग हवा होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगू दिलंत का?"

पिटू आईशी बोलते, मांजराशी तर तासन्तास बोलते, आपल्याला मात्र हल्ली नुसतं बोटाने दाखवते, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. लेक आपल्याशी बोलायचीच बंद होणार की काय? या धास्तीने त्याला घास गोड लागेना.

दोघं तिला घेऊन बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या बाईंकडे गेले. बाईंनी आधी जमिनीवर बसून पिटूबरोबर ठोकळे लावले, मग आईबापांकडे वळल्या.

"हे तुमच्यामुळे झालेलं नाही. तिला घेऊन येत राहा. घरी मात्र तिचे शब्द तुम्ही पुरे करू नका. 'हळू बोल', 'श्वास घे' हेसुद्धा नको. तिच्याकडे बघा, ती काय सांगतेय ते ऐका आणि थांबा."

"थांबा म्हणजे नक्की काय करायचं?" तोफेने विचारलं.

"काहीच करायचं नाही."

बायकोने हसू दाबायला तोंड फिरवलं.

बाप रे, काय हाल झाले त्याचे! रोज जेवणाआधी थोडा वेळ फक्त पिटूचा, फोनबिन बंद. ती अडली की याच्या जिभेवर चार शब्द नाचायचे. तो दातओठ आवळून, डोळे वटारून बसायचा.

"ब-बाबा, तुझं प-पोट दुखतंय का?" पिटूने एकदा काळजीने विचारलं.

मग तो तोंड सैल सोडून बसायला शिकला. स्वतःही जरा सावकाश बोलू लागला. हळूहळू मांजराच्या भानगडी त्याच्याही कानावर येऊ लागल्या. अडखळतच यायच्या, पण पूर्ण यायच्या.

एका सुट्टीच्या सकाळी आई पिटूला बाजारात घेऊन आली. मिरचीचा लिलाव ऐन रंगात होता. पिटू गर्दीतून धावत गेली आणि तिने बापाची पँट ओढली.

"ब-ब-बाबा, माझा द-द-द..."

तोफ बंद पडली! तो क्रेटवरून उतरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. व्यापारी एकमेकांची तोंडं बघू लागले. एका हॉटेलवाल्याला पोरीची दया आली.

"दादा? डबा हरवला? दप्तर?"

बाप काही म्हणणार, तेवढ्यात पिटूच हॉटेलवाल्याकडे वळली.

"थ-थ-थांबा. म-माझं अजून झ-झालं नाही."

सगळा बाजार चिडीचूप. पिटूने पुन्हा बापाकडे बघितलं आणि अजिबात घाई न करता म्हणाली, "माझा द-द-द-दात हलतोय!"

बापाला रडू आवरेना आणि हसूही. "दाखव, दाखव!" म्हणत त्याने तिला उचलून क्रेटवर उभं केलं. मग काय, हॉटेलवाल्यापासून हमालांपर्यंत सगळ्यांनी तो दात बघितला. पिटू प्रत्येकाला पहिल्यापासून, अडखळत, सगळं सांगत होती, आणि मिरच्या तशाच पडून होत्या.